डॉल्बी, नाना आणि मधला स्पीकर

गेल्या वीकेंडला घरी, धुळ्यात देवपूरला गेलो होतो. पुण्याहून निघतानाच ठरवलं होतं, या वेळी होम थिएटरचा सोक्षमोक्ष लावायचाच. तक्रार अशी की नानांना (म्हणजे वडिलांना) सिनेमातले संवादच कळत नाहीत. गाणी जोरात, मारामारी त्याहून जोरात, आणि हिरो बोलायला लागला की नाना विचारणार, "काय म्हटला रे तो?" आई म्हणते, कान तपासून घ्या. नाना म्हणतात, कान ठणठणीत आहेत, तुझ्या पोराने आणलेला डबा खराब आहे. आता पोरगा इंजिनियर म्हटल्यावर प्रश्न इज्जतीचा!

मांडणी अशी होती: पुढे डावी-उजवीकडे नानांच्या जुन्या स्टिरिओचे मोठे लाकडी स्पीकर (ते भंगारात द्यायचे नाहीत, हा घरातला अलिखित कायदा), मध्ये एका स्वस्त पॅकेजमधला मुठीएवढा सेंटर, आणि मागे त्याच पॅकेजमधले दोन पिल्लू स्पीकर. थोडक्यात, कडबोळं.

तर मंडळी, देवपुरात 'डॉल्बी' म्हटलं की डोळ्यांसमोर येते गणपतीच्या मिरवणुकीतली स्पीकरची भिंत आणि थरथरणाऱ्या खिडक्या. गंमत म्हणजे रे डॉल्बी हा माणूस गोंगाट कमी करण्यासाठी प्रसिद्ध झाला. केंब्रिजहून पीएचडी केल्यावर 1963 ते 65 अशी दोन वर्षं तो युनेस्कोचा सल्लागार म्हणून चक्क भारतात होता. 1965 मध्ये लंडनला परतून त्याने कंपनी काढली, ती टेपची खरखर घालवणाऱ्या यंत्रासाठी. आपल्याकडे त्याच्या नावाचं काय झालं, ते तुम्ही दर सप्टेंबरला ऐकताच.

पण सिनेमाला नुसती खरखर गेलेली पुरत नव्हती, आवाज पडद्यावर नेमक्या जागी हवा होता. 70 मिमीच्या सिक्स ट्रॅक पद्धतीत पाच चॅनेल पडद्यामागे आणि फक्त एक प्रेक्षागृहात असायचा. 'शोले' (1975) 35 मिमीवर चित्रित करून 70 मिमीवर मोठा केला होता, आणि त्याला असाच स्टिरिओ आवाज होता. यात कळीची गोष्ट ही, की पडद्यामागचे स्पीकर सगळे एकाच जातीचे. नट डावीकडून उजवीकडे चालत गेला, तर त्याचा आवाज वाटेत बदलायला नको ना!

घरात हे यायला वेळ लागला आणि खरा घोळ तिथेच झाला. 1982 मध्ये घरगुती डॉल्बी सराउंड आलं, तेव्हा त्यात सेंटर नव्हताच. पुढे दोन, मागे एक चॅनेल. मागच्या चॅनेलचा वरचा पट्टा 7 किलोहर्ट्झला कापलेला, म्हणून मागे कुठलेही जुनेपाने स्पीकर चालून जायचे. 1987 ला प्रो लॉजिकने सेंटर आणला. मग 1992 मध्ये 'बॅटमॅन रिटर्न्स'बरोबर थिएटरात डॉल्बी डिजिटल आलं, पुढे डीव्हीडीमुळे ते घराघरांत पोचलं, आणि पाचही चॅनेल पूर्ण पट्ट्याचे झाले. तंत्र बदललं, पण 'पुढचे दोन मोठे, बाकी काहीही' ही आपली सवय मात्र 1982 चीच राहिली. मीही तेच केलं होतं. (वर 1000 वॉट असं छापलेलं खोकं बघून भुललो होतो, तो भाग वेगळा.)

सिनेमातले बहुतेक सगळे संवाद सेंटरमधून येतात. पुरुषाच्या आवाजाचा पाया साधारण 100-150 हर्ट्झच्या आसपास असतो, आणि मुठीएवढा स्पीकर तिथे दम टाकतो. त्यातून त्याची सेन्सिटिव्हिटी कमी. 3 डेसिबलचा फरक असेल तर तेवढ्याच आवाजाला दुप्पट पॉवर लागते. म्हणजे शेजारचे लाकडी पैलवान गाणी गातायत आणि मधलं पोरगं किरट्या आवाजात संवाद म्हणतंय!

शनिवारी दुपारी रिसीव्हरच्या टेस्ट टोनवर सगळ्यांची पातळी जुळवली, टेपने अंतरं मोजून भरली (एक मीटरला साधारण 3 मिलीसेकंद). सुधारणा झाली, पण आवाजाचा पोत जुळेना. तो सेटिंगने जुळतही नाही. नानांच्या स्पीकरचा जोडीदार सेंटर आता बाजारात मिळणं शक्य नाही. म्हणजे एकतर पुढचे तिन्ही नवे घ्यायचे, नाहीतर...

नाहीतर 1982 ला परत जायचं! सेंटर काढून टाकला आणि मेन्यूत 'सेंटर नाही' असं सांगितलं. रिसीव्हर मग मधला आवाज डाव्या-उजव्यात सारखा वाटून देतो आणि बरोबर मध्ये बसलेल्याला तो पडद्यातूनच आल्यासारखा वाटतो. रात्री सिनेमा लावला. नाना सोफ्याच्या मधोमध. पहिला अर्धा तास एकदाही "काय म्हटला?" नाही. मी कॉलर ताठ करणार तेवढ्यात कडेच्या खुर्चीवरून आई म्हणाली, मला तर सगळे डावीकडूनच बोलताना ऐकू येतायत. बरोबरच होतं तिचं. मधोमध न बसणाऱ्यांसाठीच तर खरा सेंटर लागतो.

आईची खुर्ची नानांच्या मागे सरकवली. आणि हो, शेवटच्या मारामारीनंतर नानांनी दोनदा विचारलंच, त्यामुळे सोमवारची कानांची अपॉइंटमेंटही घेतली. लाकडी स्पीकर जागेवरच आहेत.