भास थांबले, पण काम जमेना

औषधे वेळेवर घेतली जात असतात. कानात ऐकू येणारे आवाज थांबलेले असतात, संशयही निवळलेला असतो. तरीही बाजारातून तीन वस्तू आणायला सांगितल्या तर एकच येते, गॅसवर ठेवलेले दूध उतू जाते आणि घरात चार माणसे एकदम बोलू लागली की रुग्ण उठून आतल्या खोलीत निघून जातो. ‘आता बरा झालास ना, मग हातपाय हलवायला काय होते?’ हा प्रश्न स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला हमखास ऐकावा लागतो. घरच्यांना तो आळस वाटतो. वस्तुतः तो पुष्कळदा आजाराचाच भाग असतो, आणि भास-भ्रमांपेक्षा अधिक चिवट असतो.

जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपलिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या विकाराला ‘अकाली बुद्धिभ्रंश’ अशा अर्थाचे नाव दिले होते. ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द १९०८ मध्ये ऑयगेन ब्लॉयलर यांनी दिला. १९५२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिनचा वापर सुरू झाला आणि पुढे कित्येक वर्षे वैद्यकाचे लक्ष प्रामुख्याने भास आणि भ्रमांवर खिळून राहिले. १९९६ मध्ये अमेरिकेतील मायकेल ग्रीन यांनी तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. रुग्ण समाजात कितपत वावरेल, नवे कौशल्य कितपत शिकेल, याचा संबंध भास-भ्रमांच्या तीव्रतेपेक्षा स्मरणशक्ती आणि अवधान यांच्याशी अधिक असल्याचे त्यातून दिसून आले. या क्षमता वाढविणारे खात्रीचे औषध अद्याप हाती नाही. मोठ्या अपेक्षेने चाचण्या झालेले आयक्लेपर्टिनही २०२५ मध्ये अखेरच्या टप्प्यात अपयशी ठरले.

म्हणूनच बोधनिक प्रशिक्षणाला, म्हणजे ‘कॉग्निटिव्ह रिमेडिएशन’ला, महत्त्व आले आहे. यात आठवड्यातून काही बैठका, काही महिने घेतल्या जातात. यादी लक्षात ठेवणे, नियम बदलला की पत्त्यांची मांडणी बदलणे, कामांचा क्रम लावणे असे सराव कागदावर किंवा संगणकावर असतात. आरंभी ते मुद्दाम सोपे ठेवतात, कारण वर्षानुवर्षे ‘तुला जमत नाही’ हेच ऐकलेल्या माणसाला आधी काहीतरी जमावे लागते. मोठ्याने म्हणणे, वस्तूंचे गट पाडणे, मोठ्या कामाचे तुकडे करणे या युक्त्या शिकविल्या जातात. त्यानंतरचा प्रश्न सर्वांत मोलाचा : हीच युक्ती उद्या घरी कुठे वापराल?

हा दुवा सुटला तर प्रशिक्षण पडद्यावरच राहते. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील टिल वाइक्स आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ४० अभ्यासांतील दोन हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र केली. बौद्धिक क्षमतांत मध्यम स्वरूपाची सुधारणा होती. मात्र प्रत्यक्ष व्यवहारातील लाभ प्रशिक्षणाला पुनर्वसनाची जोड होती तेथेच ठळक होता. २०२१ मध्ये इटलीतील अंतोनियो व्हिता आणि सहकाऱ्यांनी १३० अभ्यास तपासले. लाभ माफक, पण खरा. आणि प्रशिक्षित उपचारक सोबत असेल, युक्त्या पद्धतशीर शिकविल्या जात असतील, तर अधिक. मोबाइलवरील ‘मेंदूचे खेळ’ विकत घेऊन रुग्णाच्या हाती देणाऱ्या नातेवाइकांनी हे ध्यानात घ्यावे.

आपल्याकडे असे उपचारक थोडे. त्यामुळे बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ने घरच्या घरी करावयाच्या सरावाची चाचणी घेतली, तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. नियोजन, विभागलेले अवधान यांत सुधारणा आढळली. मात्र रुग्ण अवघे ४५ होते आणि अनेकांनी सराव मध्येच सोडला, हेही नमूद केले पाहिजे. रोजचा सराव एकट्या आईवर किंवा बहिणीवर टाकला की काय होते, याची कल्पना अशा घरांना असेलच.

औषधांकडेही पाहावे लागते. हातांचा कंप आणि अंगाचा ताठरपणा कमी व्हावा म्हणून दिले जाणारे ट्रायहेक्सिफेनिडिल स्मरणशक्ती मंदावू शकते. अशा औषधांचा भार जितका अधिक, तितका प्रशिक्षणाचा लाभ कमी, असे २००९ मध्ये एका अमेरिकी अभ्यासात आढळले होते. ही गोळी अजून आवश्यक आहे का, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना जरूर विचारावे. आपल्या मनाने मात्र ती बंद करू नये.