पारीवाचून एगरोल

अमेरिकेतील एखाद्या मध्यमवर्गीय घरात, आठवड्यातल्या कामाच्या दिवशी, दिवेलागणीच्या सुमारास कचेरीतून परतलेले माणूस चुलीवर बिडाचा एकच पसरट तवा चढविते, त्यात डुकराच्या मांसाचा किंवा कोंबडीचा खिमा परतते, त्यावर आले, लसूण, बारीक चिरलेला कोबी आणि सोया सॉस घालते, आणि वीसएक मिनिटांत सिद्ध झालेले ते जेवण भात, पाव किंवा नूडल्स यांपैकी काहीही सोबत न घेता वाडग्यातून खाते. या पदार्थास तिकडे 'एग रोल इन अ बोल' म्हणतात. कारण चिनी उपाहारगृहातून बांधून आणावयाच्या तळलेल्या एगरोलची पारी काढून टाकली असता जे सारण उरते, त्याचीच चव या तव्यात उतरलेली असते. पिष्टमय अन्न वर्ज्य करणाऱ्या मंडळींनी तो घरोघर पोहोचविला, आणि म्हणूनच त्याची गणना पथ्याच्या, म्हणजे नाइलाजाने गिळावयाच्या अन्नात होते. ही गणना मला मान्य नाही. या पदार्थाच्या कुळात वसंताचे स्वागत करणारा एक प्राचीन चिनी सण आहे, परदेशी मजुरांवर दरवाजे बंद करणारा एक कठोर कायदा आहे, लंडनमधील एक स्थूल गृहस्थ आहे आणि कॅलिफोर्नियातील भाजीचे मळे आहेत. आणि इतक्या पिढ्या ओलांडून तो आज जेथे येऊन ठेपला आहे, ते ठिकाण मूळ घराच्या फार जवळचे आहे.

चिनी कालगणनेप्रमाणे लीचुन, म्हणजे वसंताचा आरंभ, फेब्रुवारीच्या चौथ्या तारखेच्या आसपास येतो, आणि तांग राजवटीच्या काळी त्या दिवशी पातळ पोळ्या व कोवळ्या, उग्र वासाच्या भाज्या यांचे ताट मांडण्याची चाल होती. कालांतराने ती भाजी पोळीत गुंडाळून तळण्याची रीत पडली, आणि आपण ज्यास स्प्रिंग रोल म्हणतो तो त्यातूनच जन्मास आला. त्याची पारी कागदासारखी पातळ असते, रोलची जाडी बोटाएवढी आणि सारण मोजके. अमेरिकेतील एगरोल हा याच घराण्यातला. पण त्याचा बांधा निराळा आहे, आणि तो निराळा का झाला हे समजण्यासाठी पाकशास्त्राची पुस्तके बाजूस ठेवून कायद्याचे दफ्तर उघडावे लागते.

1848 मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि त्याच्या मागोमाग दक्षिण चीनमधील क्वांगतुंग प्रांतातले, विशेषतः थायशान परगण्यातले, तरुण शेतकरी जहाजांनी सॅन फ्रान्सिस्कोस उतरू लागले. 1869 मध्ये पुऱ्या झालेल्या आंतरखंडीय रेल्वेमार्गासाठी सिएरा नेवाडाचे कातळ फोडण्याचे जीवघेणे काम मुख्यतः त्यांनीच केले. परंतु ज्या देशाचे दोन किनारे त्यांच्या हातांनी जोडले गेले, त्याच देशाने 1882 च्या मे महिन्यात चिनी मजुरांस आत येण्याची मनाई करणारा कायदा मंजूर केला. आरंभी दहा वर्षांच्या मुदतीचा असलेला तो कायदा पुढे वाढत वाढत 1943 पर्यंत अंमलात राहिला, आणि रद्द झाल्यावरही चिनी वंशाच्या माणसांना वर्षाकाठी अवघे 105 परवाने बहाल झाले. या मनाईतून व्यापारी वर्गास मात्र सूट होती. 1915 मध्ये न्यायालयाच्या एका निर्णयाने उपाहारगृहाच्या चालकासही व्यापाऱ्याचा दर्जा मिळण्याची वाट मोकळी झाली. अट अशी की उपाहारगृह मोठ्या भांडवलाचे आणि प्रतिष्ठित असावे, अर्जदाराचा त्यात ठळक हिस्सा असावा, आणि वर्षभर त्याने केवळ कारभार पाहावा, हाताने मजुरीचे काम करू नये. त्याबरोबर अनेक आप्तांनी पैसा गोळा करून भागीदारीत उपाहारगृह काढावे, पाळीपाळीने एकेकाने चालक व्हावे, त्या दर्जावर मायदेशी जाऊन यावे आणि कुटुंबीयांस घेऊन यावे, अशी वहिवाटच पडली. अमेरिकेच्या शहरोशहरी चिनी खाणावळी झपाट्याने उघडल्या गेल्या, त्यामागे जिभेच्या चोचल्यांइतकीच, माझ्या मते त्याहून अधिक, या कायद्याची कळ होती.

उपाहारगृह चालले नाही तर दर्जा गेला, आणि दर्जा गेला तर देश गेला. अशा स्थितीत स्वयंपाक गिऱ्हाइकाच्या रुचीप्रमाणे वाकविणे प्राप्तच होते. चॉप सुई हे त्याचे पहिले मोठे उदाहरण होय. 1896 मध्ये चिनी मुत्सद्दी ली हुंगचांग न्यूयॉर्कला आले असता त्यांच्या आचाऱ्याने ती शोधून काढली, ही दंतकथा अजूनही सांगितली जाते. पण त्यापूर्वीच्या दशकात न्यूयॉर्कमधील चिनी वस्तीच्या वर्णनांत तिचा उल्लेख आढळत असल्यामुळे ती कथा टिकत नाही. एगरोलचे पितृत्वही न्यूयॉर्कच्या एकाहून अधिक आचाऱ्यांकडे दिले जाते. त्यांपैकी हेन्री लो हे तेथील चायनाटाउनमधील पोर्ट आर्थर उपाहारगृहाचे आचारी. 1938 मध्ये त्यांचे 'कुक ॲट होम इन चायनीज' हे पुस्तक निघाले आणि त्यात एगरोलची कृती छापली गेली. तिच्या सारणात बांबूचे कोवळे कोंब आहेत, भाजलेले डुकराचे मांस आहे, कोळंबी, पातीचा कांदा आणि चिनी शिंगाडे आहेत. कोबी नाही. तो पुढे शिरला, आणि बांबू व कोळंबी यांना हळूहळू बाहेर ढकलून त्याने जवळजवळ सारे सारण व्यापले. कारण तो बारमाही, टिकाऊ आणि स्वस्त.

या एगरोलची पारी जवळून पाहण्यासारखी आहे. ती मैद्याची, पुष्कळदा अंडे घालून भिजविलेली आणि स्प्रिंग रोलच्या पारीहून कितीतरी जाड असते. कडकडीत तेलात पडताच पिठातल्या पाण्याची वाफ होऊन ती बाहेर येण्यासाठी धडपडते, तिच्या जोराने पृष्ठभागावर लहानमोठे फोड उमटतात, आणि ते फोड खुसखुशीत होऊन दाताखाली फुटतात. अमेरिकन गिऱ्हाइकास एगरोलमध्ये जे आवडले ते मुख्यतः हेच. घरी न्यावयाच्या एगरोलबरोबर नूडल्स किंवा भात ज्यात भरून देतात त्या घडीच्या कागदी डब्याचीही स्वतंत्र हकीकत आहे. शिकागोच्या फ्रेडरिक वीक्स विल्कॉक्स यांनी 1894 मध्ये कागदाचा एकच ताव दुमडून, बुडाशी कोठेही सांधा न ठेवता, गळणार नाही असे पात्र बनविण्याचे पेटंट घेतले. त्या धर्तीचे डबे कालवे वाहून नेण्याच्या उपयोगाचे होते. चिनी खाणावळींनी ती सोय उचलली आणि पार्सलची खूण म्हणून अमेरिकेत रूढ केली.

आता कुळाची दुसरी शाखा. विल्यम बँटिंग हे लंडनमधील प्रेतसंस्काराची व्यवस्था पाहणाऱ्या प्रतिष्ठित पेढीचे धनी. साठी उलटल्यावर त्यांचे वजन 202 पौंडांवर गेले, वाकून बुटाची नाडी बांधणे अशक्य झाले, आणि ऐकू येईनासे झाले म्हणून ते विल्यम हार्वे नावाच्या कर्णवैद्याकडे गेले. पॅरिसमध्ये क्लोद बर्नार यांची मधुमेहावरील व्याख्याने ऐकून आलेल्या हार्वे यांनी पाव, साखर, बिअर आणि बटाटे बंद करण्याचा हुकूम दिला. बँटिंग यांचे वजन वर्षभरात सुमारे 46 पौंडांनी उतरले आणि 1863 मध्ये त्यांनी तो अनुभव 'लेटर ऑन कॉर्प्युलन्स' या छोट्या पुस्तिकेत प्रसिद्ध केला. 1921 मध्ये मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी अपस्मारावर उपाय म्हणून ज्या स्निग्धप्रधान आहाराची तजवीज केली, त्यालाच पुढे कीटोजेनिक हे नाव रूढ झाले. 1972 मध्ये रॉबर्ट ॲटकिन्स या न्यूयॉर्कच्या हृदयरोगतज्ज्ञाचे पुस्तक आले; तेव्हापासून पिष्टमय अन्नाचा त्याग ही रोग्याची गोष्ट न राहता लक्षावधी सामान्य अमेरिकनांच्या दैनंदिनीची बाब झाली. त्यांच्या पद्धतीच्या कडक पहिल्या टप्प्यात दिवसाला सुमारे 20 ग्रॅम कर्बोदकांचीच मुभा असे. एगरोलच्या एका पारीत जवळजवळ तेवढी कर्बोदके भरतात आणि वाटीभर शिजलेल्या भातात त्याच्या दुपटीहून अधिक. उलट 100 ग्रॅम कच्च्या कोबीत सहा ग्रॅमही नसतात, आणि त्यातही अडीच ग्रॅम निव्वळ चोथा. या हिशेबाने कोबी राहिला, पारी गेली. (मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी भात-पोळी सोडण्यापूर्वी आपल्या वैद्यांस विचारावे, औषध तेच ठेवून पिष्ट एकाएकी तोडल्यास रक्तातील साखर धोक्याच्या पातळीखाली उतरू शकते.)

पण निव्वळ हिशेबाने स्वयंपाक होत नाही. दमून आलेल्या माणसाने कोबीचा गड्डा चिरावा, गाजर किसावे, हे त्याच्या हातून होणे नसते. आणि येथे कॅलिफोर्नियाचे सॅलिनास खोरे मदतीस धावले. कापलेली पालेभाजी ही जिवंत असते, प्राणवायू घेते आणि कर्बवायू सोडते. हे वायू मोजक्या प्रमाणात आत-बाहेर जाऊ देणारी प्लास्टिकची पिशवी तयार झाली, आणि 1989 च्या सुमारास चिरलेल्या भाज्या त्या पिशव्यांतून देशभरच्या दुकानांत पोहोचू लागल्या. कोबी-गाजराचा बारीक चिरलेला जो ऐवज थंड कोशिंबिरीसाठी विकावयास ठेवला होता, तोच या तव्यात आला. सोया सॉसची बाटली तोवर घरोघर होतीच. किक्कोमन या जपानी पेढीने 1973 मध्ये विस्कॉन्सिनमध्ये कारखानाच घातला होता. वरून घालावयाचा लाल, लसणाचा तिखट श्रीराचा सॉस 1980 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये धंदा सुरू केलेल्या डेव्हिड ट्रान या व्हिएतनामहून आलेल्या चिनी वंशाच्या निर्वासिताचा.

राहिली कृती. परतण्याची चिनी कला इंग्रजी वाचणाऱ्या गृहिणींस यथासांग समजावून सांगण्याचे श्रेय बूवेइ यांग चाओ या विदुषीस दिले पाहिजे. जपानमध्ये वैद्यक शिकलेल्या या बाईंचे 'हाऊ टू कुक अँड ईट इन चायनीज' हे पुस्तक 1945 मध्ये, म्हणजे मनाईचा कायदा रद्द झाल्यानंतर दोनच वर्षांनी, प्रसिद्ध झाले. इंग्रजी त्यांच्या मुलीने आणि भाषाशास्त्रज्ञ पतीने सिद्ध केले. जिन्नस लहान चिरावेत, जाळ मोठा असावा, तेल थोडे, हात सतत चालता आणि वेळ अल्प, हा त्यांच्या उपदेशाचा सारांश.

या उपदेशाची कसोटी कोबीवर लागते, कारण कोबीत शेकडा 92 भाग पाणी असते. उपाहारगृहातील भट्टीचा जाळ घरगुती शेगडीच्या कितीतरी पट असल्याने तेथे ते पाणी सुटताक्षणी उडून जाते. घरच्या शेगडीवर ते तव्यात साचते आणि कोबी परतला न जाता शिजतो, मिळमिळीत होतो. म्हणून बिडाचा तवा आधी चांगला तापू द्यावा. अर्धा किलो खिमा त्यात पसरून लगेच ढवळू नये. खालची बाजू तांबूस होऊन करपट-गोड वास सुटला की मगच तो मोडावा. मांसाचे पाणी आटून चरबी सुटल्यावर लसूण, आले आणि कांद्याच्या पातीचा पांढरा भाग. तो अर्धा मिनिट परतला की कोबी, आणि तोही एकदम न ओतता दोन वेळा विभागून. कोबीच्या कडा पारदर्शक झाल्या, पण मधली शीर दाताखाली कुरकुरते आहे, अशा क्षणी सोया सॉस तव्याच्या तापलेल्या कडेवर ओतावा, म्हणजे तो चुर्र करून किंचित जळतो आणि पार्सलचा तो ओळखीचा वास खोलीभर पसरतो. तांदळाच्या शिरक्याचा चमचा त्यानंतर. भाजलेल्या तिळांचे तेल मात्र तवा उतरल्यावर. ते आचेवर पडले तर कडवट होते. पातीचा हिरवा भाग अगदी शेवटी. झाकण कधीही ठेवू नये.

मुंबई-पुण्याच्या वाचकास चायनीज म्हटले की गाडीवरचे, मक्याच्या पिठाने दाट केलेले मंच्युरियन आठवते. नेल्सन वाँग यांनी 1975 मध्ये मुंबईत रूढ केलेल्या त्या पदार्थाचे कूळ निराळे आहे, आणि पिष्टाशिवाय तो उभाच राहत नाही. कोबी परतण्याचे वळण मात्र मराठी हातास उपजत आहे. न्यू जर्सीतील मराठी घरांतून हा पदार्थ डुकराच्या मांसाऐवजी कोंबडीच्या खिम्याचा किंवा कुसकरलेल्या टोफूचा होतो, कोणी त्यात हिरवी मिरचीही घालतात, आणि त्याने काही बिघडत नाही.

बिघडते ते निराळ्या कारणाने. लहान चिरलेली भाजी, थोडे मांस, मोठा जाळ आणि सोया सॉस, हा क्वांगतुंगच्या घरातला रोजचा स्वयंपाक होता. जाड पारी आणि तळणीचे तेल हे परमुलखात पोट भरण्यासाठी त्याने चढविलेले वस्त्र होते. ते उतरले आणि तो पुन्हा मूळ रूपाशी आला. फक्त भाताचा वाडगा, जो त्या घरातून कधीच गेला नसता, तो येथे गैरहजर आहे. असे असताना या पदार्थाच्या कृती पथ्याच्या पुस्तकांत छापल्या जातात आणि त्यांवर चिनी स्वयंपाकाचा नामोल्लेखही पुष्कळदा नसतो. ही कृती जे कोणी लिहितील, छापतील किंवा शेजारणीस सांगतील, त्यांनी ती चिनी अमेरिकन स्वयंपाकाच्या प्रकरणात घालावी, आणि कर्बोदकांचा आकडा हवा तर तळाशी लिहावा.