बदाम, पान आणि बिल्ला

पत्त्यांतल्या लाल चिन्हाला मराठीत 'बदाम' म्हणतात, उर्दू-हिंदीत 'पान' म्हणतात. आमच्या भिवंडीत दोन्ही शब्द चालतात. कोकणी मुसलमानांच्या घरात पोरे 'बदाम सात' खेळतात आणि बदाम राणी टाकतात. आझमगढ, मऊकडून लूम चालवायला आलेल्या कुटुंबांच्या मोहल्ल्यात तीच राणी 'पान की बेगम' होते. खरे तर ते चिन्ह बदामाचेही नाही आणि पानाचेही नाही. ते दिलाचे आहे. पण आपल्या दोन्ही भाषांनी त्यात खाण्याचीच वस्तू पाहिली!

हेच चिन्ह आज आम्ही शिकवतो त्या मुलांच्या छातीवर, टोपीवर आणि दप्तरावर गोल बिल्ल्यात बसून मिरवत असते. 'मी' आणि एखादे नाव यांच्यामध्ये लाल बदाम काढला की वाक्य पुरे होते. कुणाच्या बिल्ल्यावर आईचे नाव, कुणाच्या क्रिकेटचे, कुणाच्या आपल्या गावाचे, तर कुणाच्या आपल्या नबीचे. २०२५ साली या दोन शब्दांच्या आणि एका बदामाच्या वाक्यावरून देशात गुन्हे नोंदले गेले, लाठ्या चालल्या. म्हणून ही दोन रुपये-पाच रुपयांची वस्तू आली कुठून आणि तिचा अर्थ कसकसा बदलत गेला, हे एकदा नीट पाहावे असे आम्हाला वाटले.

बिल्ला ही वस्तू आपल्याकडे जुनीच आहे. पण ती प्रेमाची नव्हती, चाकरीची होती. उर्दूत शिपायाला 'चपरासी' म्हणतात तो शब्द 'चपरास'वरून आला. चपरास म्हणजे कचेरीचे नाव कोरलेला पितळी बिल्ला. फारसीतल्या 'चप-ओ-रास्त' म्हणजे डावे-उजवे या जोडशब्दाशी कोशकार तो जोडतात. मुंबई इलाख्यात त्याच माणसाला 'पट्टेवाला' म्हणत, कारण तो पट्टा बांधी. म्हणजे दोन्ही भाषांत माणसाला त्याच्या अंगावरच्या खुणेचे नाव पडले. रेल्वे हमालाचा दंडावरचा पितळी बिल्ला, एस.टी.च्या वाहकाचा बिल्ला, रिक्षावाल्याचा बॅज हे सगळे त्याच घराण्यातले. हा माणूस कुणाचा, कोणत्या नंबरचा, एवढेच ती खूण सांगते. त्याला स्वतःला काय वाटते ते ती विचारीत नाही.

याहून कडू इतिहासही आहे आणि तो वाचताना आपले-परके करून चालणार नाही. इ.स. ८५० मध्ये अब्बासी खलिफा मुतवक्किल याने मुसलमानेतर प्रजेला मधाच्या रंगाची वस्त्रे व खुणा वापरण्याचे फर्मान काढले. १२१५ साली रोमच्या लॅटरन येथील धर्मसभेने ख्रिस्ती राज्यांतले ज्यू आणि मुसलमान पोशाखावरून वेगळे ओळखू यावेत असा ठराव केला. सप्टेंबर १९४१ मध्ये हिटलरच्या जर्मनीत सहा वर्षांवरील प्रत्येक ज्यूच्या छातीवर, डाव्या बाजूला, बरोबर काळजाच्या जागी, पिवळा तारा शिवायची सक्ती झाली. पुढे काय झाले ते जगाला ठाऊक आहे. माणसाने स्वतः लावलेली खूण आणि दुसऱ्याने त्याच्यावर लादलेली खूण यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. बिल्ल्यांच्या इतिहासात हा फरक सतत डोळ्यांपुढे ठेवावा लागतो.

मागे टाचणी असलेला आजचा गोल बिल्ला अमेरिकेतला. न्यू जर्सी राज्यातील नेवार्क शहरातल्या व्हाइटहेड अँड होग कंपनीने १८९६ साली त्याचे पेटंट घेतले. पत्र्याची चकती, तिच्यावर छापील कागद, वर पारदर्शक सेल्युलॉइडचा पापुद्रा, मागे कडीत अडकवलेली तार. इतकी साधी युक्ती! त्याच वर्षी मॅकिन्ले आणि ब्रायन यांच्यात अध्यक्षपदाची निवडणूक होती. दोघांचेही चेहरे अशा बिल्ल्यांवरून घराघरांत पोचले. सिगारेट आणि च्युइंगगमच्या पाकिटांबरोबरही बिल्ले फुकट मिळू लागले. आता कुठल्याही साध्या माणसाला आपले मत छातीवर लावता येऊ लागले, तेही पदराला खार न लागता. जमवणारेही निर्माण झाले. राजकीय बिल्ले जमवणाऱ्यांची तिथली संघटना १९४५ पासून आहे. १९२० साली हरलेल्या कॉक्स आणि रूझवेल्ट या जोडीचा बिल्ला त्यांच्यात सर्वांत दुर्मीळ मानला जातो. हरलेल्यांचे बिल्ले फारसे कुणी जपत नाही, म्हणूनच ते दुर्मीळ होतात.

आपल्याकडेही ही हवा लवकर आली. १९१३ साली लखनौमध्ये मौलाना अब्दुल बारी फरंगीमहली आणि अली बंधूंच्या पुढाकाराने 'अंजुमन-ए-खुद्दाम-ए-काबा' स्थापन झाली. तिचे सभासद चंद्रकोरीचा बिल्ला लावत. पण बिल्ल्याच्या भारतीय इतिहासातले सर्वांत मोठे पान आपल्या मुंबईत लिहिले गेले आणि ते लिहिणारा माणूस होता युसूफ मेहेरअली. १९०३ साली जन्मलेला हा समाजवादी तरुण. १९२८ च्या 'सायमन गो बॅक' या घोषणेचे जनकत्व त्याच्याकडे जाते. १९४२ साली तुरुंगात असतानाच तो मुंबईचा महापौर म्हणून निवडून आला. इंग्रजांना द्यायच्या निर्वाणीच्या हाकेसाठी शब्द शोधले जात होते, तेव्हा 'क्विट इंडिया' हे दोन शब्द मेहेरअलींनी दिले. त्या नावाची पुस्तिका त्यांनी काढली आणि ७ ऑगस्टला गवालिया टँकवर अधिवेशन भरण्यापूर्वी हजारावर बिल्ले बनवून घेतले. म्हणजे 'चले जाव'ची हाक व्यासपीठावरून दिली जाण्याआधीच ती माणसांच्या छातीवर पोचलेली होती. २ जुलै १९५० रोजी, वयाची सत्तेचाळिशीही पुरी न होता, मेहेरअली गेले. पनवेलजवळ तारा गावी त्यांच्या नावाचे केंद्र आजही आहे. आपल्या मुलांना हे नाव किती ठाऊक आहे, हा प्रश्न ज्याने त्याने आपल्या घरात विचारावा.

स्वातंत्र्यानंतर बिल्ला हातात आला तो पोरांच्या. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून निरक्षर मतदारासाठी चिन्हे आली आणि चिन्हांबरोबर बिल्ले आले. काँग्रेसची बैलजोडी, मग गाय-वासरू, मग हात. जनसंघाची पणती, प्रजासमाजवाद्यांची झोपडी. प्रचाराच्या जीपमागे धावून पोरे सगळ्या पक्षांचे बिल्ले गोळा करीत आणि एकाच सदऱ्यावर ओळीने लावीत. मोठी माणसे ज्यावरून भांडत, ते पोरांच्या सदऱ्यावर शेजारी-शेजारी नांदत असे. १९९० नंतर शेषन यांच्या काळात खर्चावर बंधने आवळली गेली आणि ही लूट आटली. पण ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जावे. पुस्तकांच्या शेजारी बाबासाहेबांच्या बिल्ल्यांची दुकाने लागलेली असतात. ज्यांच्या पूर्वजांच्या अंगावर समाजाने अस्पृश्यतेची खूण लादली, तीच माणसे स्वतःच्या हाताने निळा बिल्ला छातीवर लावतात.

सिनेमानेही हा बदल ओळखला होता. १९७५ च्या 'दीवार'मध्ये गोदीतल्या हमालाला ७८६ नंबरचा बिल्ला मिळतो. त्या नंबरचे मोल त्याला रहीम चाचा समजावतात. बिल्ला मालकाने दिलेला, नंबर हजेरीचा. पण तो खिशात जपला जातो आणि एकदा गोळीही अडवतो. १९८३ च्या 'कुली'त इक्बालच्या दंडावर पुन्हा तोच आकडा आला. चाकरीची खूण काळजाची खूण कशी होते, हे सलीम-जावेदच्या एका प्रसंगाने कोट्यवधी लोकांना समजले.

आता बदामाकडे वळू. आपला जुना गंजिफा, ज्याचा उल्लेख बाबराने १५२७ साली केला आणि जो सावंतवाडीत आजही रंगवला जातो, तोही बिल्ल्यासारखा गोल. पण त्यात ताज आहे, शमशेर आहे, गुलाम आहे, दिल नाही. दिलाचे चिन्ह युरोपात घडले आणि पंधराव्या शतकात फ्रेंच पत्त्यांवर बसून आपल्या घरापर्यंत आले. त्याला क्रियापदाची जागा मिळवून दिली ती मिल्टन ग्लेझर या चित्रकाराने. १९७५ च्या सुमारास न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या काठावर होते, रस्ते गुन्ह्यांनी बदनाम झाले होते. राज्याने पर्यटनासाठी मोहीम काढली. ग्लेझरने १९७६ साली टॅक्सीत बसल्या-बसल्या लाल खडूने एका कागदावर तीन अक्षरे आणि एक बदाम काढला. त्याने त्याचे पैसे घेतले नाहीत. १९७७ पासून ते चिन्ह बिल्ले, बनियन, कप यांवरून जगभर गेले. ज्या शहराला लोक सोडून जात होते, त्या शहराबद्दल 'माझे यावर प्रेम आहे' असे म्हणायची सोय झाली. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर ग्लेझरने तेच चित्र पुन्हा काढले. बदामाच्या एका कडेला काजळीसारखा डाग ठेवला आणि लिहिले की आता पूर्वीपेक्षाही जास्त. दुखावलेल्यावर प्रेम करणे हा या चिन्हाचा मूळ स्वभाव आहे. आज आपल्याकडे कितीतरी शहरांच्या चौकांत याच धर्तीची मोठाली अक्षरे उभी आहेत आणि तरुण पोरे त्यांच्यासमोर फोटो काढतात.

भिवंडीत हा बदाम मिलादच्या बिल्ल्यावर येऊन बसला. बारा रबीउलअव्वल जवळ आला की तीनबत्तीच्या बाजारात हिरव्या झेंड्यांबरोबर बिल्ल्यांचे पुठ्ठे टांगले जातात. पूर्वी त्यांवर गुंबद-ए-खिजरा किंवा नालैनचा नक्श असे. मग हाताने दाबायचे छोटे यंत्र स्वस्त झाले. पत्र्याची वाटी, संगणकावर छापलेला कागद, वर प्लॅस्टिकचा पापुद्रा, एक दाब, झाला बिल्ला. कोणीही पोरगा आपल्याला हवा तो मजकूर छापून घेऊ लागला. त्याच्या पिढीची भाषा बदामाची असल्यामुळे हुजूरांवरची मोहब्बतही त्याने त्याच भाषेत लिहिली. मिलादच्या जुलूसबद्दल आपल्यातच दोन मते आहेत. काहींना तो सवाब वाटतो, काहींना बिदअत. त्या वादात आम्ही शिरत नाही. पोराने जे लिहिले ते प्रेमाचे वाक्य होते, एवढेच आमचे म्हणणे आहे.

४ सप्टेंबर २०२५ रोजी कानपूरच्या रावतपूर भागात बारावफातच्या निमित्ताने असाच मजकुराचा फलक लागला. ही नवी प्रथा आहे म्हणून काहींनी हरकत घेतली. ९ सप्टेंबरला गुन्हा नोंदला गेला. गुन्हा मजकुरासाठी नाही, फलकाच्या नव्या जागेसाठी आणि दुसऱ्यांचे पोस्टर फाडल्याबद्दल आहे, असे पोलिसांनी सांगितले. पण तोवर वाक्य देशभर पसरले होते. २६ सप्टेंबरला जुम्म्याच्या नमाजीनंतर बरेलीत दगडफेक आणि लाठीमार झाला. २९ सप्टेंबरला आपल्या अहिल्यानगरात तेच शब्द कोणीतरी रस्त्यावर रांगोळीत लिहिले, लोक संतापून रस्त्यावर उतरले आणि तिथेही लाठ्या चालल्या. तीन आठवड्यांपूर्वी जे प्रेमाचे वाक्य होते, ते आता ओळखपरेडीची खूण झाले. पोराने स्वतः लावलेल्या बिल्ल्याकडे पाहणाऱ्याने दुसराच बिल्ला त्याच्यावर चिकटवला.

भिवंडीला याची भीती वाटणे साहजिक आहे. ७ मे १९७० ची मिरवणूक आणि १९८४ ची दंगल या गावाने सोसली आहे. पण याच गावाने पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी घडवलेल्या मोहल्ला समित्यांच्या बळावर १९९२-९३ मध्ये, मुंबई जळत असताना, शांतता राखली. हेही आमच्या मुलांना माहीत असले पाहिजे.

मग पोरे विचारतात, सर, बिल्ला लावायचा की काढायचा? 'काढून टाक' असे आम्ही म्हणू शकत नाही. प्रेम लपवायला शिकवणे हे शिक्षकाचे काम नव्हे आणि आपले प्रेम सांगण्याचा हक्क या देशाच्या घटनेने प्रत्येकाला दिलेला आहे. पण 'लाव आणि विसर' असेही आम्ही म्हणत नाही. ज्यांचे नाव छातीवर आहे, त्यांच्या अखलाकची जबाबदारीही त्याच टाचणीबरोबर छातीवर येते. त्या बिल्ल्यासह शिवी दिली, सिग्नल तोडला, शेजाऱ्याला धक्का मारला, तर पाहणारा तुझे नाव लक्षात ठेवणार नाही, बिल्ल्यावरचे ठेवील. आणि दुसऱ्याच्या छातीवर दुसऱ्या नावाचा बदाम दिसला, तर तोही तुझ्याइतकाच खरा असू शकतो. बिल्ला न लावणाऱ्याचे प्रेम कमी, असा हिशेब तर कधीच करू नये.

२८ सप्टेंबर २०२३ रोजी ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकाच दिवशी आली होती. तेव्हा मुंबईच्या खिलाफत कमिटीने, शंभर वर्षांच्या परंपरेचा आपला जुलूस एक दिवस पुढे ढकलून २९ तारखेला काढला. गणपती विसर्जनाला रस्ता मोकळा राहिला. हा निर्णय कोणत्या बिल्ल्यावर छापलेला नव्हता. पण आम्ही वर्गात बदामाचा अर्थ सांगताना हेच उदाहरण देतो आणि त्याच्या शेजारी मेहेरअलींचे हजार बिल्ले ठेवतो.

शेवटी एक विनंती. आपल्या घरच्या जुन्या ट्रंकेत, शिवणाच्या डब्यात, आजोबांच्या शेरवानीच्या खिशात एखादा गंजलेला बिल्ला सापडला तर तो भंगारात देऊ नका. कागदाच्या चिठ्ठीवर साल, गाव आणि तो कोणी लावला होता ते लिहून त्याला बांधून ठेवा. आजच्या मुलांचे बिल्लेही असेच जपा. आपल्या माणसांनी कशावर प्रेम केले, हे पुढे कोणी विचारले तर दाखवायला काही तरी हाताशी असले पाहिजे.