क्युरेटिंगपासून बारीक नळीपर्यंत

आजची गोष्ट माझ्या मावशीपासून सुरू करते. पाळी जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि अचानक पुन्हा अंगावरून जायला लागलं. डॉक्टर म्हणाल्या, गर्भपिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासू. आजीला वाटलं, "म्हणजे क्युरेटिंग! भूल देऊन पिशवी खरवडणार." पण मावशी भूल न घेता तासाभरात घरी आली. मग मधल्या काळात बदललं काय?

चला १८४० च्या दशकातल्या पॅरिसला. तिथे जोसेफ रेकामिए या डॉक्टरांनी लांब दांड्याचा, चमच्यासारखा क्युरेट गर्भाशयात घालून अस्तर खरवडायला सुरुवात केली. त्यात गर्भाशयाला भोक पडायचा धोका होता, तरी पद्धत रुळली. गर्भाशयाचं तोंड रुंद करायचं आणि खरवडायचं, म्हणजेच 'डी अँड सी'. कितीतरी दशकं तोच शेवटचा शब्द होता.

पण गोम अशी, की हात आत आणि डोळे बाहेर. सगळं अंदाजाने. १९७५ साली स्टॉक आणि कानबूर या दोघांनी, गर्भाशय काढायच्या आधी झालेलं क्युरेटिंग नेमकं कुठवर पोचलं ते तपासलं. दहापैकी सहा जणींच्या बाबतीत निम्म्याहून कमी अस्तर खरवडलं गेलं होतं!

खरवडण्याऐवजी ओढून घेण्याची कल्पनाही जुनीच. एमिल नोव्हाक यांनी १९३५ मध्येच तसं उपकरण मांडलं होतं. १९८४ मध्ये कॉर्निए यांची 'पिपेल' आली. सुमारे ३ मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची नळी, आत दट्ट्या. दट्ट्या मागे ओढला की पोकळी तयार होते आणि बाजूच्या छिद्रातून अस्तर आत येतं. २००० सालच्या एका मोठ्या आढाव्यात पाळी गेलेल्या बायकांमधला कर्करोग पिपेलने ९९ टक्क्यांहून जास्त वेळा पकडला होता. पाळी चालू असलेल्यांमध्ये ९१ टक्के.

मग काम झालं? नाही ना. नळीही आंधळीच. एका कोपऱ्यातला छोटा पॉलिप तिच्या हाती लागेलच असं नाही. आत डोकावून बघायचा प्रयत्न पँटालिओनी यांनी १८६९ मध्येच केला होता. साठीच्या, पाळी गेल्यावर रक्तस्राव होणाऱ्या बाईंना त्यांनी दुर्बिणीतून तपासलं, आणि पॉलिपच सापडला! तेव्हाचा उजेड अपुरा होता. आज हिस्टेरोस्कोपीत बघून नेमका तिथलाच तुकडा घेता येतो.

मावशीचा रिपोर्ट नॉर्मल आला. दोन महिन्यांनी परत डाग दिसले, तर म्हणते, "रिपोर्ट चांगलाय ना, जाऊ दे." मी ऐकलं नाही. दुर्बिणीतून तपासल्यावर पॉलिप निघाला, साधाच होता, काढून टाकला.

म्हणून लक्षात ठेवा, रिपोर्ट फक्त हाती आलेल्या तुकड्याबद्दल बोलतो. रक्तस्राव थांबला नाही, तर डॉक्टरांकडे परत जा. आणि हा भाग आईला, मावशीला नक्की ऐकवा. भेटू पुढच्या भागात!