महिलांसाठी बस सवलत: तिकीट शून्य रुपयांचे असले तरी मागून घ्या

भाडे माफ झाले की बसला गर्दी वाढते, हे कर्नाटकात ‘शक्ती’ योजना ११ जून २०२३ रोजी सुरू झाल्यावर लगेच दिसले. पण बस वेळेवर येते का, थांबा किती लांब आहे, यावरही प्रवासी ठरतात. दिवसाला दोनच फेऱ्या असलेल्या गावात मोफत तिकिटाचा उपयोग तो कितीसा?

आपण कर्नाटकच्या रहिवासी महिला असाल (बेळगाव, बिदरकडील मराठी भगिनीही यात आल्या), तर राज्यांतर्गत साध्या व जलद बसमध्ये भाडे लागत नाही. वातानुकूलित व आराम बसना सवलत नाही. राज्यातील पत्ता असलेले ओळखपत्र जवळ ठेवा. वाहकाकडून शून्य रुपयांचे तिकीट अवश्य घ्या. या तिकिटांच्या नोंदीवरूनच महामंडळ शासनाकडे रक्कम मागते. तिकीट न घेतल्यास आपला प्रवास हिशेबातच येत नाही.

महाराष्ट्रात १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे. ही सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच आहे. एसटीने कोल्हापूरहून बेळगावला जाताना हद्दीपुढचे भाडे पूर्ण भरावे लागते.