फ्रेडी मर्क्युरीची वकिली

फ्रेडी मर्क्युरी 'आपला' होता असे आम्ही तुळिंजमध्ये बसून म्हणतो, तेव्हा त्या आपलेपणाला दोन आधार असतात. एक, विरारच्या पुढे याच रेल्वेमार्गावर लागणारे बुलसर, म्हणजे आजचे वलसाड. त्याच्या घराण्याचे बलसारा हे आडनाव त्या गावावरून आलेले. दुसरा, पाचगणीची सेंट पीटर्स शाळा. १९४६ साली झांझिबारमध्ये पारशी कुटुंबात जन्मलेला फारोख बलसारा तिथे शिकला आणि तिथल्याच 'द हेक्टिक्स' या शाळकरी वाद्यवृंदात पियानो वाजवू लागला. पुढचे, म्हणजे १९६४ची झांझिबारची क्रांती, कुटुंबाचे इंग्लंडला जाणे आणि 'क्वीन', सर्वांना ठाऊक आहे.

त्याने आपले मूळ झाकले, हा आक्षेप आम्हांला फारसा गंभीर वाटत नाही. आडनाव ऐकताच भाड्याची खोली नाकारली जाते अशा महानगराच्या वेशीवर राहणाऱ्यांनी तरी नाव बदलणाऱ्याला दोष देऊ नये.

दुसरा आक्षेप मात्र जड आहे. ऑक्टोबर १९८४मध्ये 'क्वीन'ने दक्षिण आफ्रिकेतील सन सिटी या विलासनगरीत कार्यक्रम केले. हे स्थळ बोफुथात्स्वानात होते. त्या प्रदेशाला गोऱ्या राजवटीने 'स्वतंत्र राष्ट्र' म्हटले होते, पण जगाने ते कधी मानले नाही. संयुक्त राष्ट्रसंघाने सांस्कृतिक बहिष्काराचे आवाहन केलेले होते. परिणामी 'क्वीन'चे नाव संघाच्या यादीत गेले, ब्रिटनमधील संगीतकारांच्या संघटनेने दंड ठोठावला, आणि ब्रायन मे यांना तिथे जाऊन खुलासा करावा लागला.

चाहत्यांची बाजू आम्ही स्वतःच अनेकदा मांडली आहे: श्रोत्यांत काळे-गोरे दोन्ही होते, अंध व मूकबधिर मुलांच्या शाळेला मदत दिली गेली, कलावंताला राजकारणाशी काय कर्तव्य! यांतला शेवटचा मुद्दा सर्वांत कच्चा. सन सिटीत काळ्या श्रोत्याला तिकीट मिळे हे खरे, पण तिथे काळा-गोरा शेजारी बसू शकतो हे जगाला दाखवणे, हाच तर त्या देखाव्याचा हेतू होता.

शिवाय साल पाहावे. १९८४च्या ऑगस्टमध्येच प्रिटोरियाच्या सरकारने तीन सभागृहांच्या संसदेत भारतीयांना एक वेगळे सभागृह देऊ केले; काळ्या बहुसंख्यांना काहीच नव्हते. तिथल्या बहुसंख्य भारतीय मतदारांनी या निवडणुकीकडे पाठ फिरवली. सन्मानाच्या नावाखाली आलेले आमंत्रण नाकारता येते, हे दरबानच्या सामान्य दुकानदारांनी, गिरणी कामगारांनी दाखवून दिले होते. त्या देशात वाढला असता तर फारोख बलसाराची नोंद त्यांच्याच वर्गात झाली असती. दोन महिन्यांनी तो तिथे पाहुणा म्हणून उतरला.

आणखी एक योगायोग मनाला टोचतो. भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला तो १९४६मध्ये, म्हणजे फ्रेडीच्या जन्मवर्षी. तेव्हा भारत स्वतंत्रही नव्हता. ज्या वारशावर बोट ठेवून आम्ही त्याला 'आपला' म्हणतो, त्यात हाही निर्णय येतो.

जुलै १९८५मधील 'लाइव्ह एड'चा प्रयोग चाहते भरपाई म्हणून पुढे करतात. वेम्बलीवरची ती वीसेक मिनिटे अद्वितीय होती, यात वाद नाही. पण तो निधी इथिओपियाच्या दुष्काळासाठी होता; सोवेटोचे लोक मागत होते मताचा अधिकार. ते ध्वनिमुद्रण आम्ही आजही लावतो. सन सिटीचा विषय निघाला की मात्र त्याचा दाखला देणे आम्ही सोडले आहे.