जुन्या गाडीतला नवा टेप



गाडीत गाणी वाजवणाऱ्या डब्याला आपण अजून टेपच म्हणतो. कॅसेट कधीच गेली, नाव तेवढं राहिलं. आज या टेपाचा इतिहास सांगते, कारण त्याच्याशी आपलं एक काम जोडलेलं आहे.

१९३० साली अमेरिकेत शिकागोच्या गॅल्विन बंधूंनी मोटारीत बसवायचा रेडिओ विकायला काढला आणि त्याचं नाव ठेवलं मोटोरोला. तेव्हाचे रेडिओ काचेच्या व्हॉल्व्हवर चालायचे. त्यांना विजेचा दाब जास्त लागायचा, नुसत्या गाडीच्या बॅटरीवर भागत नसे. पुढं ट्रान्झिस्टर आला, रेडिओ लहान झाला, बॅटरीवरचा भार कमी झाला. १९६३ साली फिलिप्स कंपनीने कॅसेट आणली. तोवर केंद्र लावील तेच ऐकायचं होतं. आता गाडीवाला आपल्या आवडीचं लावू लागला.

आपल्याकडं निजामाच्या राज्यात हैदराबाद आणि औरंगाबादला रेडिओ केंद्रं होती. १९६८ साली परभणीला आकाशवाणी सुरू झाली आणि मराठवाड्याची बोली घरोघर ऐकू येऊ लागली. रेडिओ ठेवायला तेव्हा लायसन्स लागायचं, त्याची फी पोस्टात भरावी लागे. परभणीचं केंद्र मीडियम वेव्हवर. जुन्या जीपगाड्यांतले रेडिओही त्याच पट्ट्याचे.

२००६ साली सरकारने सामाजिक संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवायची मुभा दिली. हा रेडिओ एफएमवर लागतो, जुन्या मीडियम वेव्हच्या डब्यावर लागत नाही. शिवाय त्याची ताकद कमी, साधारण दहा-पंधरा किलोमीटर. गाडी त्यापुढं गेली की नुसती खरखर.

आणि आपल्या जिल्ह्यातल्या बायका जातात कुठवर? दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन सांगली, कोल्हापूर, थेट कर्नाटक. तिथं पाच-सहा महिने कोपीत राहायचं. अंगावरच्या दुखण्याला कोणत्या डॉक्टरकडं जावं, ऑपरेशन खरंच लागतं का, हे कुणाला विचारायचं? ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रश्न इतका वाढला, की २०१९ साली राज्य सरकारला चौकशीसाठी समिती नेमावी लागली. ज्या महिन्यांत माहितीची गरज सगळ्यांत जास्त, नेमका तेव्हाच आपला रेडिओ तुटतो.

इथं नवा टेप कामाला येतो. त्याला पेनड्राइव्ह लागतो. टोळीच्या ट्रॅक्टरवर टेप असतोच, गाणीही दिवसभर वाजतात. आरोग्याचे, रेशनचे, मुलांच्या शाळेचे कार्यक्रम पेनड्राइव्हवर भरून दिले, तर दहा-पंधरा किलोमीटरचा रेडिओ दोनशे किलोमीटर जातो.

जुन्या गाडीला टेप बसवताना चार गोष्टी पाहायच्या. पहिली, बॅटरी. टेप १२ व्होल्टचा असतो. फार जुन्या जीपला ६ व्होल्ट, मोठ्या ट्रकला बहुधा २४ व्होल्ट, तिथं सरळ जोडायचा नाही. दुसरी, वायरी. नव्या टेपाची पिवळी वायर कायम बॅटरीला, लाल चावीला, काळी गाडीच्या बॉडीला. पण काही जुन्या इंग्रजी बनावटीच्या गाड्यांत बॉडीला बॅटरीची प्लस बाजू असते, तिथं टेप जळतो. मिस्त्रीला आधी तपासायला सांगा. तिसरी, फ्यूज. पिवळ्या वायरीला बॅटरीजवळ फ्यूज हवाच, नाहीतर घासलेल्या वायरीतून आग लागते, आणि मागं ट्रॉलीत लेकरं असतात. चौथी, जागा. नवा टेप साधारण १८ सेंटिमीटर रुंद, ५ सेंटिमीटर उंच. जुन्या गाडीत तेवढा खाचा नसेल तर पत्रा कापू नका, खाली पेटी बसवून घ्या.

टेप पुढं असतो, आपण मागं बसतो, आणि बटण ड्रायव्हरच्या हातात. म्हणून यंदा टोळी निघण्याआधी गटाच्या बैठकीत पेनड्राइव्ह भरून घ्या, आणि उचल ठरते तेव्हाच मुकादमाला सांगा, "दादा, रोज अर्धा तास आमचं लावायचं."